गैरअर्जदार क्रमांक दोन

शिवांजली कायद्याच्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात तिसऱ्या वर्षाला होती तेव्हाची ही गोष्ट. सांगलीतल्या तिच्या कॉलेजात विधी सहाय्यता केंद्र होतं. केंद्रातली मुलं आठवड्यातून दोन दिवस कोर्टाच्या आवारातल्या एका खोलीत बसायची. घरात मारहाण सोसणाऱ्या बायका तिथं येत. मुलांनी त्यांचं ऐकायचं, लिहून घ्यायचं, कागद लावायचे आणि अर्जाचा कच्चा मसुदा करून स्वप्ना मॅडमकडे द्यायचा. ॲडव्होकेट स्वप्ना कांबळे विधी सेवा प्राधिकरणाच्या वकील होत्या. कोर्टासमोर उभं राहायचं काम त्यांचं. मुलांना अजून काळा कोट घालायचा हक्क नव्हता.

शिवांजली आष्ट्याची. घरी ऊस, दोन चुलते फौजेत. रोज सकाळच्या एसटीनं सांगलीला यायची. तिच्या आईला हे काम पसंत नव्हतं. "दुसऱ्याच्या चुलीपाशी जाऊन बसू नये. चटका आपल्याला बसतो," असं ती डबा भरता भरता म्हणायची, पण डबा भरून द्यायची.

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी संयोगिता आली. बेचाळीस वर्षांची, अंगानं बारीक, साडीचा पदर नीट पिन केलेला. फलटण तालुक्यातल्या एका गावातून निघून ती सांगलीत धाकट्या बहिणीकडे आली होती, त्याला तीन आठवडे झाले होते. नवरा हिंदुराव फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेला. आता एका साखर कारखान्याच्या गेटवर सुरक्षा रक्षकांचा प्रमुख. गावात झेंडावंदनाला त्याचा मान पहिला.

"इतकी वर्षं राहिलात, मग आत्ताच का निघालात?" शिवांजलीनं विचारलं. फॉर्ममध्ये तसा रकाना होता.

"साईराजची भरती झाली. माझा मुलगा. तो ट्रेनिंगला गेला आणि दुसऱ्या दिवशी मी निघाले. आधी निघाले असते तर त्याचं धावण्यावरचं लक्ष उडालं असतं."

तिनं हे बाजारातून भाजी आणल्यासारखं सांगितलं. मग डावा हात टेबलावर ठेवला आणि मनगट वळवून दाखवलं. ते अर्ध्यातच थांबत होतं. "दोनदा मोडलंय. एरवी काही कळत नाही. भाकरी थापताना कळतं."

शिवांजलीशेजारी कपिल बसला होता. तो तिच्याच वर्गातला, फलटणचा, त्याला ते गावही माहीत होतं. दोघांनी मिळून दोन दिवसांत अर्ज तयार केला. केंद्राच्या कॉम्प्युटरवर जुन्या अर्जाचा नमुना होता, त्यातली नावं बदलायची की झालं. गैरअर्जदार क्रमांक एक, नवरा. गैरअर्जदार क्रमांक दोन, सासू. नमुन्यात सासू होतीच.

शुक्रवारी संयोगिता सही करायला आली. "आधी वाचून दाखव," ती म्हणाली. शिवांजली वाचू लागली, आणि दुसऱ्याच पानावर संयोगितानं हात वर केला.

"आत्यांचं नाव कुणी सांगितलं?"

सासूला ती आत्या म्हणायची, तिकडची रीत तशी आहे.

"तसं लिहायची पद्धत आहे, काकी. त्या घरातच होत्या ना? त्यांनी कधी अडवलं का?"

"नाही अडवलं."

"मग तोही छळच झाला."

संयोगितानं मसुद्याच्या पानावर बोट ठेवलं. "हे बघ," ती म्हणाली, "एकोणीस वर्षांत आत्यांनी मला बोट लावलं नाही. शिवी दिली नाही. गप्प बसल्या. गप्प बसणं वाईटच, त्याचा मला राग आहे. पण तू इथं लिहिलंयस, दोघांनी मिळून मारलं. ते खोटं आहे. खोट्यावर मी सही करणार नाही."

कपिल म्हणाला, "उद्या त्याच तुमच्याविरुद्ध साक्ष द्यायला उभ्या राहतील."

"राहू देत."

शिवांजलीला मनातून राग आला. बाई स्वतःच आपली केस कच्ची करते आहे असं तिला वाटलं. तिनं तसं स्वप्ना मॅडमना सांगितलंही. मॅडमनी फाईलवरून नजर न काढता विचारलं, "अर्ज कुणाचा आहे?"

"त्यांचा."

"मग काढ ते नाव."

नाव काढलं. अर्ज दाखल झाला.

एप्रिलमध्ये कोर्टाचा पहिला छोटा हुकूम मिळाला. संयोगितानं घरी जाऊन आपले कपडे, शाळेचे दाखले आणि शिलाई मशीन घेऊन यावं, सोबत संरक्षण अधिकारी आणि महिला पोलीस असाव्यात. संयोगिता म्हणाली, शिवांजलीही येऊ दे. म्हणून ती गेली.

हिंदुरावानं दारातच हात जोडले. ओसरीवर खुर्च्या मांडलेल्या होत्या, चहा तयार होता. भिंतीवर काचेच्या चौकटीत पदकं. "मॅडम, जे न्यायचं ते न्या, माझी काही हरकत नाही," तो संरक्षण अधिकाऱ्यांना म्हणाला. मग शिवांजलीकडे वळला. "आष्ट्याची का तू? आमच्या पलटणीत आष्ट्याचे दोघं होते. लई जिगरबाज." त्याचा आवाज, मिशी, ताठ पाठ, सगळं तिच्या थोरल्या चुलत्यासारखं. ती त्याला "व्हय काका" म्हणून गेली. तो माणूस तिला जवळजवळ आवडला होता. संयोगिता तेव्हा तिच्या मागं उभी होती आणि चहाच्या कपाकडे बघत नव्हती.

दाखले स्वयंपाकघरातल्या फडताळावर एका डब्यात होते. शिवांजली ते काढायला आत गेली. आत एक लहानखुरी म्हातारी जमिनीवर बसून लसूण सोलत होती. हिरवं नऊवारी, पांढरे केस घट्ट बांधलेले. तिनं वर बघितलं नाही. हीच बनुबाई, हिंदुरावाची आई.

शिवांजली स्टुलावर चढली. डबा हाताला लागला तेवढ्यात खालून आवाज आला, अगदी हळू.

"पोरी, कागदात माजं नाव हाय का?"

"नाही आजी."

"खोटं नगं बोलू. समद्यांच्या सासवांची नावं असत्यात."

शिवांजली स्टुलावरून उतरली. बाहेर हिंदुरावाच्या हसण्याचा आवाज येत होता. तिनं खरं ते सांगितलं. "आधी होतं आजी. मीच लिहिलं होतं. काकींनी काढायला लावलं. म्हणाल्या, आत्यांनी बोट लावलं नाही, खोटं लिहू नका."

लसणाची पाकळी म्हातारीच्या बोटांत तशीच राहिली. बराच वेळ. मग तिनं ती सोलली, वाटीत टाकली आणि दुसरी घेतली. टेम्पोत मशीन चढवलं, सगळे निघाले, तरी ती बाहेर आली नाही.

डिसेंबरात हिंदुरावाकडून पुराव्याचे कागद दाखल झाले. त्यात त्याच्या आईचं शपथपत्र होतं. खाली निळ्या शाईचा अंगठा. स्वप्ना मॅडमनी ते खोलीत सगळ्यांसमोर वाचलं. अर्जदार भांडखोर स्वभावाची आहे. माझ्या मुलानं तिच्यावर कधी हात उगारला नाही. ती स्वखुशीनं घर सोडून गेली. सदर घर माझ्या नावावर असून अर्जदारानं तिथं राहण्यास माझी सक्त हरकत आहे.

घर खरंच बनुबाईच्या नावावर होतं. सासऱ्यानं मरायच्या आधी केलं होतं.

"मी सांगितलं होतं," कपिल पुटपुटला, आणि लगेच त्याला ते बोलल्याचं वाईट वाटलं.

संयोगिता खिडकीजवळ उभी होती. ती म्हणाली, "स्वभाव हा शब्द आत्यांच्या तोंडून मी कधी ऐकला नाही."

"शपथपत्र वकीलच लिहितो, काकी," शिवांजली म्हणाली. "सगळ्यांचीच अशी असतात."

कपिलनं कागद हातात घेतला होता. तो तारीख बघत होता. "मॅडम, अकरा नोव्हेंबर. बनुबाईंचे मालकही फौजेत होते ना? मग त्यांना फॅमिली पेन्शन असणार. नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. माझ्या आजोबांना मीच नेतो. म्हातारं माणूस अंगठा लावताना कुठं विचारतं, कागद कशाचा?"

मॅडम म्हणाल्या, "शक्य आहे. पण हा अंदाज झाला, पुरावा नव्हे. तिला उलटतपासाला उभं केलं आणि तिनं हेच सगळं स्वतःच्या तोंडानं सांगितलं तर आपण संपलो. आई लेकाच्या गाडीतून येणार, लेकाच्या गाडीतून परत जाणार. उलटतपासात ज्या प्रश्नाचं उत्तर आपल्याला ठाऊक नाही तो विचारायचा नसतो."

तेव्हा शिवांजलीनं लसणाची गोष्ट सांगितली. ती तिनं आजवर कुणाला सांगितली नव्हती, कारण त्यात सांगण्यासारखं काही आहे असं तिला वाटलंच नव्हतं. म्हातारीनं काय विचारलं, तिनं काय उत्तर दिलं, मग ती कशी थांबली.

मॅडमनी चष्मा काढून पुसला. मग संयोगिताकडे बघितलं. "तुमची काय इच्छा?"

"बोलवा," संयोगिता म्हणाली. "माझ्याविरुद्ध बोलायचं असेल तर माझ्याकडे बघून बोलू देत."

साक्षीची तारीख फेब्रुवारीत लागली. शिवांजली आणि कपिल मागच्या बाकावर वह्या घेऊन बसले. समोर डावीकडे संयोगिता. उजवीकडे हिंदुराव, इस्त्रीचा पांढरा शर्ट, बूट चकचकीत. त्याचे वकील लालासाहेब निकम साठीचे होते, नावाजलेले, बोलायला अतिशय सभ्य.

बनुबाई आली ती लेकाचा हात धरून. पिंजऱ्यापाशी पोचल्यावर न्यायाधीशांनी शिपायाला खुर्ची द्यायला सांगितलं.

"उभीच बरी हाय मी, सायेब."

शपथ झाली. स्वप्ना मॅडम उठल्या. त्यांनी फार साधे प्रश्न विचारले. गाव कोणतं, घरात कोण कोण, मालक कधी वारले. म्हातारी एकेका शब्दात उत्तरं देत होती. मग मॅडमनी शपथपत्र तिच्यापुढे धरलं.

"हा अंगठा तुमचा का, आजी?"

"माजाच."

"कागदात काय लिहिलंय ते कुणी वाचून दाखवलं होतं?"

"न्हाई."

"अंगठा कुठं लावला?"

"फलटनला. पेन्शनीच्या दाखल्याला गेलो व्हतो तवा. तितं आनि एक कागद हाय म्हनला, लावला."

लालासाहेब उठून उभे राहिले, काही म्हणाले, न्यायाधीशांनी ते नोंदवलं. टायपिस्टची बोटं चालत होती. शिवांजलीनं कपिलकडे बघितलं. कपिलचा अंदाज खरा ठरला होता, शपथपत्र खिळखिळं झालं होतं. आता एक शब्दही जास्त नको. शहाणा वकील इथंच बसतो. मॅडमनाही ते माहीत होतं. "एवढंच, साहेब," त्या म्हणाल्या आणि बसायला वळल्या.

"मला आनि बोलायचंय," बनुबाई म्हणाली.

न्यायाधीश समजावणीच्या सुरात म्हणाले, "आजी, इथं विचारलेल्या प्रश्नाचंच उत्तर द्यायचं असतं."

"मग इचारा की," ती मॅडमकडे बघून म्हणाली.

हिंदुरावानं मान वर केली. मॅडम अर्ध्या वळलेल्या तशाच थांबल्या. एवढ्या वर्षांच्या वकिलीत जो नियम त्यांनी मुलांना शिकवला होता, तो त्यांनी त्या क्षणी बाजूला ठेवला. त्या परत पुढं आल्या.

"आजी, तुमच्या घरात काय व्हायचं?"

बनुबाईनं दोन्ही हातांनी पिंजऱ्याचा कठडा धरला.

"आदी टीवीचा आवाज मोटा व्हायचा," ती म्हणाली. "ह्यो फौजेतनं सुट्टीवर यायचा तवापास्नं. शेजाऱ्याला ऐकू जाऊ नये म्हून. आवाज वाडला की मला कळायचं, आता. मी उटून देवापाशी जाऊन बसायची. दार लोटून घ्यायची. पोरगं लहान व्हतं तवा त्याला मांडीवर घ्यायची आन् त्याच्या कानांवर हात ठिवायची. त्याच्या कानांवर. माज्या न्हाई. मी समदं ऐकायची. टीवी बंद झाला की बाहीर यायची आन् पानी तापवायची."

न्यायाधीश टायपिस्टला सांगत होते, साक्षीदार असे म्हणतात की, आणि मध्येच ते थांबले. "त्यांच्याच शब्दांत घ्या," ते म्हणाले. "जसं बोलतायत तसं."

"किती वर्षं असं चाललं, आजी?"

"लगीन झाल्यापास्नं. वरीस मला मोजता येत न्हाई. नातू भरती झाला, तितवर."

मग तिनं दम घेतला. शिवांजलीला वाटलं, संपलं. पण म्हातारी न्यायाधीशांकडे वळली.

"सायेब, माज्या सुनंनं कागदातनं माजं नाव काडलं. मी काय केलं न्हाई म्हून. पन मी केलंय. दुसऱ्यांदा तिचा हात मोडला तवा दवाखान्यात मीच घिऊन गेले व्हते. डाक्टरनं इचारलं, कसं झालं. तिनं माज्याकडं बगितलं. ती सांगनार व्हती, मला कळलं. मी आदी बोल्ले. म्हनले, न्हाणीत घसरली. ते खोटं माजं हाय. त्येबी लिवा. माजं नाव घालायचं ऱ्हायलं व्हतं, ते आता घाला."

शिवांजलीच्या वहीत शेवटची ओळ पेन्शनच्या दाखल्याची होती. त्यानंतर तिनं काही लिहिलंच नव्हतं. तिच्या हातात पेन होतं आणि ते तिला जाणवतही नव्हतं. तीन वर्षं ती शपथ, साक्ष, पुरावा हे शब्द पाठ करत आली होती. हे शब्द इतके मोठे आहेत हे तिला ठाऊक नव्हतं. देवळाच्या गाभाऱ्यात शिरल्यावर आवाज आपोआप खाली यावा तसं त्या खोलीत सगळ्यांचं झालं होतं, दारातल्या शिपायाचंसुद्धा.

लालासाहेबांनी साक्षीदार फितूर झाल्याचं सांगून प्रश्न विचारायची परवानगी मागितली. ती मिळाली. ते हळूच, आदरानं बोलले.

"आजी, सुनेनं तुम्हाला काही कबूल केलंय?"

"ती माज्याशी वरीसभर बोलली न्हाई."

"इतकी वर्षं गप्प होतात. आजच कसं आठवलं?"

"आटवत समदं व्हतंच. आज गाडीत ह्यानं माज्याकडनं तीनदा म्हनून घेतलं, काय बोलायचं ते. तिसऱ्यांदा म्हनताना माजं मलाच ऐकू आलं."

"पोटच्या मुलाविरुद्ध असं बोलायला लाज नाही वाटत?"

म्हातारीनं पहिल्यांदा हिंदुरावाकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. त्यानं नजर खाली घातली.

"वाटती," ती म्हणाली. "त्यो माजाच हाय. त्याच्या बापानं मला मारलं तवा माज्या सासूनं असंच दार लोटलं व्हतं. त्यो तवा एवडासा व्हता, उंबऱ्यात उभा ऱ्हाऊन बगायचा. त्याला कुनी सांगितलंच न्हाई, हे वंगाळ हाय म्हून. मी तरी कुटं सांगितलं."

लालासाहेबांनी आणखी एकच गोष्ट विचारली. घर तुमच्या नावावर आहे हे तरी खरं ना?

"ते खरं हाय. मग माज्या घरात कोन ऱ्हायचं ते मी सांगती. संयोगिता ऱ्हाईल."

लालासाहेब थोडे वाकले, जणू नमस्कारच करतायत, आणि बसले. नंतर शिवांजली किती तरी वकिलांना हरताना बघणार होती, पण असं बसलेलं कुणी तिनं पुन्हा पाहिलं नाही.

साक्ष वाचून दाखवली गेली. बनुबाईनं एका ठिकाणी दुरुस्ती सांगितली, दार लावून नव्हे, लोटून. मग तिनं अंगठा लावला.

बाहेर व्हरांड्यात हिंदुराव किल्ल्या हातात घेऊन उभा होता. "चल," तो आईला म्हणाला. आवाज मोठा नव्हता.

"तू जा."

"आई, चल म्हणतोय ना मी."

"जा बाबा. गाडी हळू चालव."

व्हरांड्यातली महिला पोलीस दोन पावलं पुढं आली. हिंदुराव क्षणभर तिथंच राहिला. इतका उंच माणूस, पण त्याला हात कुठं ठेवावेत ते कळत नव्हतं. मग तो जिन्याकडे गेला.

शिवांजलीला वाटलं होतं, आता सासू-सुना गळ्यात पडतील. तसं झालं नाही. दोघी एकाच बाकावर, मध्ये हातभर जागा सोडून बसल्या. कपिलनं पाण्याची बाटली आणली ती तशीच मध्ये राहिली.

"त्या दिवशी दवाखान्यात," संयोगिता बोलली, समोरच्या भिंतीकडे बघत, "मी सांगणारच होते, आत्या. माझ्या तोंडाशी आलं होतं."

"म्हाईत हाय मला."

"तेव्हा बोलले असते तर माझी नऊ वर्षं वाचली असती."

"व्हय."

"मी तुम्हाला माफ केलंय असं समजू नका."

"मी मागायला आले न्हाई, पोरी. मला फकस्त खरं बोलायचं व्हतं. मराय आदी एकदा."

किती तरी वेळानं संयोगितानं बाटलीचं झाकण उघडलं आणि बाटली सासूकडे सरकवली. म्हातारीनं ती तोंडाला लावली, तशी संयोगितानं बाटली खालून धरली. ती पाणी पिऊन होईपर्यंत तशीच धरून बसली. त्या दिवशी बनुबाई संयोगिताबरोबर तिच्या बहिणीच्या घरी गेली. दोन खोल्यांत पाच माणसं होती, आता सहावी आली.

निकाल जूनमध्ये लागला. हिंदुरावानं पत्नीवर कोणत्याही प्रकारची हिंसा करू नये, तिच्याशी संपर्क साधू नये आणि तीस दिवसांत घर सोडून वेगळं राहावं, असा हुकूम झाला. त्यानं वरच्या कोर्टात अपील केलं, ते अजून चालू आहे. पण त्याला स्थगिती मिळाली नाही. तिसाव्या दिवशी तो सामान घेऊन मळ्यातल्या खोलीत राहायला गेला आणि दोघी घरी परतल्या. गावानं दोन्ही बायकांना नावं ठेवली. म्हातारीला जास्त.

ऑगस्टमध्ये निकालाची खरी नक्कल द्यायला शिवांजली आणि कपिल फलटणहून मोटारसायकलवर गावात गेले. ओसरीवर शिलाई मशीन मांडलेलं होतं. संयोगिता ब्लाऊजला हातशिलाई घालत होती. पदकांची चौकट भिंतीवर नव्हती, तिनं ती साईराजच्या पेटीत ठेवली होती. "त्याच्या बापाची आहेत, त्याला लागतील," ती म्हणाली. साईराज एकदा सुट्टीवर येऊन गेला होता. दोन दिवस आईजवळ बसला, दोन दिवस मळ्यात बापाजवळ, आणि कुणालाच काही न बोलता परत गेला. "तो बोलेल. त्याला वेळ लागेल."

बनुबाई आतून आली. "समदं वाच," ती म्हणाली आणि शिवांजलीसमोर बसली.

शिवांजलीनं बावीस पानं वाचली. कलमं, तारखा, जुने निकाल. म्हातारी मध्ये एकदाही उठली नाही. सतराव्या पानावर न्यायाधीशांनी तिची साक्ष अवतरण चिन्हात घेतली होती, टीव्हीच्या आवाजापासून न्हाणीपर्यंत. शिवांजली एका ओळीवर थांबली, परत सुरू झाली.

"हे माजंच?" बनुबाईनं विचारलं.

"व्हय आजी. तुमचंच. शब्दही तुमचेच."

"आन् हे असंच ऱ्हानार?"

"कायम. कुणालाही काढता येणार नाही."

म्हातारीनं मान हलवली. तिचा चेहरा समाधानाचा नव्हता, दुःखाचाही नव्हता. डोक्यावरचा भारा उतरवून ठेवलेलं माणूस काही वेळ मान तशीच ताठ धरून बसतं, तशी ती बसली होती. मग ती उठून आत गेली आणि चूल पेटवल्याचा आवाज आला.

"त्यांच्यासाठी करतायत," संयोगिता म्हणाली. नवऱ्याचं नाव तिनं घेतलं नाही. "रोज दुपारी दोन भाकरी आणि कालवण घेऊन मळ्यात जातात. मी करून देत नाही. आणि अडवतही नाही. मला विचारू नका कसं वाटतं, मलाच कळत नाही."

"त्या काय बोलतात तिथं जाऊन?" कपिलनं विचारलं.

"म्हणतात, पहिले पंधरा दिवस तो दारच उघडत नव्हता. भाकरी उंबऱ्यावर ठेवून यायच्या. आता उघडतो. आता म्हणे शेजारी बसून त्याला सांगतात, त्याच्या बापानं काय काय केलं ते. एकेक दिवस, एकेक गोष्ट. तो जेवतो आणि ऐकतो."

दोघं निघाले तेव्हा ऊन चढलं होतं. गावाबाहेर मळ्याकडे फुटणाऱ्या कच्च्या रस्त्यावर बनुबाई पुढं चाललेली दिसली. डोक्यावर पदर, हातात फडक्यात बांधलेल्या भाकरी, पाय अनवाणी. दोन्ही बाजूंना उंच ऊस आणि मध्ये ती एवढीशी. तिच्या चालीत घाई नव्हती, पण ती कुठं थांबतही नव्हती. कपिलनं गाडी कडेला घेतली आणि बंद केली, तिच्यावर धूळ उडू नये म्हणून. शिवांजली खाली उतरून उभी राहिली. बनुबाई वळणाआड जाईपर्यंत दोघं तिथंच थांबले, आणि ती दिसेनाशी झाल्यावरही बराच वेळ गाडी सुरू करायचं कुणाच्या मनात आलं नाही.